मिस्त्रीचे आठ

अकोल्याच्या त्या सरकीच्या गोदामात बाबांनी दोन तारांची वायर टाकली, कारण हंगाम तोंडावर होता आणि तीन तारांची वायर अमरावतीच्या दुकानातही मिळेना. ओल्या सरकीचा ढीग आतून तापत जातो आणि बाहेर पत्ता लागू देत नाही. म्हणून ढिगाच्या पोटात सेन्सर खुपसायचा आणि त्याची वायर ऑफिसातल्या मीटरपर्यंत न्यायची. सेन्सर तापला की त्याचा विद्युत अडथळा वाढतो, त्यावरून मीटर डिग्री सांगतो. पण दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या यादवी युद्धानं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या काळातलं ते लांबच लांब गोदाम. एवढ्या लांब वायरचाही अडथळा असतोच. तोही मीटरनं सेन्सरचाच धरला आणि आकडा आठ डिग्रीनं फुगला. बाबांनी सेन्सर गरम पाण्याच्या बादलीत बुडवून, साध्या थर्मामीटरशी ताडून हे शोधलं. मग पॅनेलवर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलं: ‘८ वजा’.

गोदामात त्याला ‘मिस्त्रीचे आठ’ म्हणत. बाबा काम सोडून घरी बसले तरी हंगामात फोन यायचे आणि बाबा ताट बाजूला सारून बोलायचे. तेवढाच एक मान उरला होता.

मीही हेच काम करते. त्याच गोदामाच्या मालकानं वायर बदलायला बोलावलं, नाही कसं म्हणणार? दोन लाल, एक पांढरी, अशी एकाच जाडीच्या तीन तारांची वायर निवडली आणि मोटरच्या केबलपासून दूर ओढली. तिसऱ्या तारेमुळे मीटर वायरचा अडथळा स्वतःच वजा करतो. बादलीत तपासलं, बरोबर निघालं. दिवसपाळीच्या माणसांना सांगितलं, आता काही वजा करायचं नाही. पॅनेलवरचं बाबांचं अक्षर पुसायला मात्र हात धजेना. म्हटलं, आधी त्यांना सांगू, मग पुसू. आणि घरी येऊन तोंडच उघडलं नाही.

संध्याकाळी जेवताना दुसऱ्या पाळीच्या मुकादमाचा फोन आला. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“मिस्त्री, शेहेचाळीस दाखवून राह्यलं.”

“आठ वजा कर नं बावा. अडतीस झाले. चाळीसच्या आत काई होत नाई.”

मी मध्येच बोलले, “बाबा, वजा करू नका. आज मी वायर बदलली.”

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. फोनमध्ये म्हणाले, “वजा नोको करू. खरेच शेहेचाळीस हायेत. ढीग पसरव, आत्ताच्या आत्ता.” मग माझ्याकडे वळले. “काहून नाई सांगतलं वं?”

“तुमाले वाईट वाटलं असतं.”

“अन् ढीग पेटला असता मंग?”

पेटला असता तर बोल बाबांच्या आठाला लागला असता. माझ्या मायेचं एवढंच मोल. अजून आठवलं की स्वतःची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या स्कूटीवर मागे बसून गोदामात आले. टर्पेंटाइनच्या चिंधीनं सगळ्यांसमोर त्यांनी पॅनेल पुसलं. “आता पोरीले इचारत जा,” म्हणाले.

तेव्हापासून मलाच विचारतात. बाबांचा फोन खिडकीत चार्जिंगला असतो, वाजत नाही. काम बरोबर होतं, हे मी मनाला सतरांदा सांगितलं. मन ऐकत नाही.

परवा दुसऱ्या गोदामात वायर जोडताना मीच फोन लावला. त्यांनी लगेच उचलला.

“बाबा, दोन लाल आन् एक पांढरी. कोनती कुठं लावू?”

“खोटं बोलून राह्यली तू. तुले सारं मालूम हाय.”

“सांगा नं बाबा.”

“बरं, आयक. दोनी लाल सेन्सरच्या एका टोकाले, पांढरी दुसऱ्या टोकाले. अन् स्क्रू घट्ट आवळ. सैल राह्यला की आकडा फुगते.”

तारा मी आधीच लावल्या होत्या. त्या सोडवल्या आणि ते सांगतील तशा पुन्हा लावल्या.