वाळूत मुरलेली बाटली

ही बाटली मुलाने बेल्जियमहून आणली होती. काळी, कडक बिअर. तिथले साधू मठांत करतात तसली. "आठ-दहा वर्षं ठेवली तर मुरते, अप्पा," असं तो म्हणाला आणि आमच्या ह्यांनी ते मनावरच घेतलं. तंजावरच्या उन्हात काय मुरणार, डोंबल! पण पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला माणूस. जिन्याखाली मातीचा रांजण मांडला, त्यात गारव्याला ओली वाळू, वाळूत बाटली. स्वतः पापनाशमकडे कालव्यांवर फिरायचे आणि वाळूवर रोज तांब्याभर पाणी घालायचं मी. देवघराच्या भिंतीला लागून दारू! आठ वर्षं मी बडबडत पाणी घातलं.

यंदा त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला, गिळणंही गेलं. नाकातल्या नळीतून पेज जाते. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, फार तर दोन महिने. ह्यांना मी काही बोलले नाही. त्यांना कळलंच होतं.

एका दुपारी त्यांनी पाटी मागितली. लिहिलं आमच्या मराठीतच, पण तमिळ अक्षरांत. पिढ्यान्पिढ्या तंजावरात राहिलेली घरं, देवनागरी आम्हा दोघांनाही धड येत नाही. "बाटली उघड. टिकली का बिघडली, एवढं सांग."

"मी? अहो, मी जन्मात थेंब तोंडाला लावला नाही!"

"तुझं नाक पुरे," त्यांनी लिहिलं.

आमच्यात नैवेद्य दाखवायच्या आधी काही चाखत नाहीत. चाळीस वर्षं मी आमटीतलं मीठ नुसत्या वाफेवरून ओळखत आले, ते त्यांना ठाऊक होतं.

झाकण काढलं, तर फुस्स एवढाच आवाज. कॉफीच्या टंब्लरात ओतली. वर तपकिरी फेस, तोही लगेच बसला. पहिला वास करुपट्टीचा, ताडगुळाचा पाक जरा जास्त झाला की येतो तो. मागून खजूर, फार पिकलेलं केळं, लवंग. सगळ्यात शेवटी जुनी, काळी पडलेली चिंच. मग घोट घेतला. गोड म्हणेपर्यंत कडू झाली, जास्त भाजलेल्या मेथीसारखी, आणि छातीत ऊब उतरली. छान होती. मेली, फारच छान होती! मला संताप आला. आत्ताच कशाला इतकी छान झाली?

"बिघडलीय," मी म्हटलं. त्यांना चुटपुट नको. "ओतून टाकते."

त्यांनी टंब्लराकडे बोट केलं. मग पाटीवर लिहिलं, "मग दुसरा घोट का घेतलास?"

घेतला होता. माझं मलाच कळलं नव्हतं. मला रडू फुटलं. "छान आहे हो," मी म्हटलं, "तुम्हाला देता येत नाही म्हणून खोटं बोलले."

त्यांनी डोळे मिटले आणि हाताने खूण केली: सांग. मी त्यांच्या उशाशी बसले. एकेक घोट घेत सांगत गेले. करुपट्टी, खजूर, आता लवंग, आता कडू. माझा प्रत्येक घोट उतरला की त्यांचा गळा हलायचा. टंब्लर कधी रिकामं झालं कोण जाणे, बाटलीतही थेंब उरला नव्हता. त्यांनी पुन्हा खूण केली. मी रिकामं टंब्लर तोंडाला लावलं आणि पुढचा घोट सांगितला.