मॅनेजर काकांचा क्लब

मॅनेजर काका फुटबॉलवेडे होते, पण शनिवारी दुपारी साडेतीनला टीव्हीवर सामना सुरू झाला की उठून बूट घालायचे. जर्मनीत, एर्लांगेनमधल्या त्यांच्या मुलाचा, निखिलदादाचा दिवाणखाना तेव्हा ऑफिसातल्या मित्रांनी भरलेला असायचा. काका दारातून म्हणायचे, "चालू द्या तुमचं," आणि एकटे नदीकडे निघायचे. मला वाटायचं, त्यांना गोंगाट सोसत नसेल. मीही त्याच कारणानं स्वयंपाकघरात मधुरा वहिनींना मदत करत थांबायचे. मी तिथे मास्टर्स करत होते, शेजारच्याच इमारतीत राहत होते आणि शनिवारचं जेवण त्यांच्याकडे ठरलेलं होतं.

एकदा पाऊस आला म्हणून वहिनींनी मला छत्री घेऊन काकांच्या मागे पाठवलं. त्या दिवशी मी धीर करून त्यांना कारण विचारलं. "अगं, ह्याच मॅचनी माझा क्लब खाल्ला," ते म्हणाले.

काका मूळचे कोल्हापूरचे. तरुणपणी तालमीच्या फुटबॉल संघातून खेळायचे. गुडघा गेला, तेव्हा साखर कारखान्यात लागले आणि पुढे साखरेच्याच कामावर आफ्रिकेत, स्वाझीलंडला गेले. तिथल्या कारखान्याच्या मैदानावर त्यांनी फुटबॉलचा क्लब उभा केला, आणि साहेबांच्या मागे लागून खेळाडूंना दरमहा पगार सुरू करून घेतला. "खेळणं हे काम आहे," हे त्यांचं आवडतं वाक्य. "कामाचं मोल द्यायचं. शाबासकीनं गुडघा दुरुस्त होत नाही." खेळाडू त्यांना 'बाबे' म्हणायचे. तिकडे वडिलांना तसंच म्हणतात.

मग मैदानाबाहेरच्या बारमध्ये टीव्हीची डिश लागली. युरोपातले सामने शनिवारी दुपारी, ह्यांचाही सामना शनिवारी दुपारी. "जर्मनीतला गोलकीपर लोकांना तोंडपाठ, आणि आमचा त्यांच्याच गल्लीत राहायचा, त्याला कोण विचारत नव्हतं," काका म्हणाले. तिकिटं खपेनात. देश आपल्या नगर जिल्ह्याएवढा, जाहिरात द्यायला कुणी पुढे येईना. चांगला खेळाडू निघाला की सीमेपलीकडचा, दक्षिण आफ्रिकेतला क्लब त्याला उचलून न्यायचा. "आमच्या हातात नुसत्या टाळ्या," ते म्हणायचे. काका निवृत्त होऊन मुलाकडे आले, आणि मागे कारखान्याच्या नव्या मालकांनी क्लबचा खर्च बंद केला. कप्तान सिफो मात्र दर रविवारी फोन करायचा.

जर्मनीनं विश्वचषक जिंकला त्या वर्षीची ही गोष्ट. रविवारी काका जवळच्या खेड्यातल्या क्लबचे सामने बघायला जायचे आणि दुभाषी म्हणून मला न्यायचे. नातू मराठीत विचारलेल्याला जर्मनमध्ये उत्तर द्यायचा, त्यामुळे त्याचा उपयोग नव्हता. माझं जर्मन बरं होतं, तोंड उघडायची तेवढी तयारी नसायची. काका चिडवायचे, "तुझं मराठी इस्त्री केलेलं, आणि जर्मन घडी घालून कपाटात."

एका रविवारी त्यांनी मला क्लबच्या अध्यक्षांसमोर उभं केलं. ते निवृत्त पोस्टमन होते आणि शेगडीवर सॉसेज भाजत होते. "विचार त्यांना, पोरांना महिन्याला काय देता."

मी विचारलं. अध्यक्ष हसले. "आम्ही कुठले देतो? तेच आम्हाला वर्गणी देतात."

"खेळणाऱ्यानंच पैसे द्यायचे? असं कुठं असतंय व्हय?"

मी जमेल तसं भाषांतर केलं. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं अध्यक्ष म्हणाले आणि काकांच्या हातात सॉसेज ठेवलं. मग त्यांनी दाखवलं: केक विकणारी बाई सेंटर बॅकची आई, जर्सी धुवायची पाळी ज्याची त्याची, गवत कापणारा एक दंतवैद्य. क्लबला मालकच नव्हता.

काका पुढचे काही रविवार खेळ सोडून हेच बघत राहिले. मग एका दुपारी बाकावर बसून त्यांनी सिफोला फोन लावला, मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर. आपल्या कोल्हापुरी इंग्रजीत त्यांनी भराभर सगळं सांगितलं. मालक नको, पगार नको, सगळे सभासद व्हा, बायका केक करतील. इतकं उत्साहानं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सिफोनं पूर्ण ऐकून घेतलं. "बाबे," तो म्हणाला, "त्या लोकांना सोमवारी कामावर जायचं असतं. आम्ही सोमवारी कुठे जाऊ?"

परतताना काका बसमध्ये एकच वाक्य बोलले. "फुकट खेळायलाही ऐपत लागते."

पगार तर कधीच थांबले होते, पण हिवाळ्यात कळलं की संघातला एकही जण क्लब सोडून गेलेला नाही. रोज सराव करतात आणि वाट बघतात. काम शोधायला सीमेपलीकडे जायला हवं होतं, पण क्लब बाबेंनी सुरू केला, तर थांबायचं की नाही तेही त्यांनीच सांगावं, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. सिफोनं हे सांगितलं तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात होतो. वहिनींनी पोळी तव्यावरून उतरवली आणि शेगडी बंद केली.

काकांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "जा. सगळे जा. काम शोधा. तिथे मैदान असलं तर खेळा."

पलीकडून फक्त "हो, बाबे" आलं.

"बाबा, चहा घ्या ना," वहिनी हळूच म्हणाल्या. काकांनी कप घेतला, प्यायले नाहीत. मग माझ्याकडे बघून बोलले. "गुडघा गेल्यावर मी वर्षभर मैदानाच्या कडेला बसून होतो, बोलावतील म्हणून. तू जा, असं मला कोणी सांगितलं नाही."

त्यानंतर शनिवारी ते बाहेर जाईनासे झाले. सगळ्यांबरोबर सोफ्यावर बसायचे. गोल झाला तर टाळ्याही वाजवायचे.

मला म्युनिकला नोकरी लागली, काका कोल्हापूरला परतले. दोन दिवाळ्या त्यांचा फोन आला, नंतर निखिलदादाचाच आला. काका गेल्याची बातमी सांगून झाल्यावर तो म्हणाला, "सिफोला तू कळवशील का? माझ्याच्यानं बोलवणार नाही."

अनोळखी माणसाला फोन करणं मी शक्यतो टाळते. पण केला. सिफो आता दक्षिण आफ्रिकेत ट्रक चालवत होता. मी सांगितलं. त्याच्या मागे गाड्यांचा आवाज येत राहिला. मग, सामन्याआधी संघ वाचून दाखवतात तशी, त्यानं गोलकीपरपासून सुरुवात केली. गोलकीपर डर्बनला एका दुकानाचा पहारेकरी. दोघं बॅक खाणीत. एक जण केप टाउनला, हॉटेलात भांडी घासतो. एकेकाचं नाव, खेळायची जागा, मग शहर. सगळ्यांना आजच कळवतो, म्हणाला. लेफ्ट विंगपाशी मात्र तो थांबला. तो कुठे गेला ते कुणालाच माहीत नव्हतं.

"त्याला शोधावं लागेल," सिफो म्हणाला. "बाबेंनी जा म्हटल्यावर सगळ्यात पहिला तोच निघाला होता."