बहात्तर सालात गेलेली मुलगी

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी तिथल्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. कचेरी भाड्याच्या घरात होती. जुन्या जिल्ह्यातून फायली यायला वेळ लागत होता, त्यामुळे दुपारी टाइप करायला काही नसायचं. बसून बसून कंटाळले आणि मी मुलांसाठी एक कादंबरी सुरू केली. एक शाळकरी मुलगी कोरड्या आडात उतरते आणि वर येते ती थेट बहात्तरच्या दुष्काळात. हेडक्लार्कांना हे कळलं. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "टाइप करा बाई. मशीन पडून राहण्यापेक्षा बरं. कागद तेवढे घरचे आणा."

त्याच सुमारास सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. निलंग्याकडच्या त्यांच्या गावात पुन्हा पाणी आटलं होतं. मी त्यांना मामी म्हणायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. संध्याकाळी त्या ज्वारी निवडत बसायच्या आणि मी दुपारचं लिखाण वाचून दाखवायचे. माझ्या कादंबरीतली मुलगी दुष्काळी कामावर बायकांबरोबर खडी फोडत होती आणि पानोपानी कुणीतरी रडत होतं. मामींनी काही दिवस नुसतं ऐकून घेतलं.

मग एकदा म्हणाल्या, "ह्या बाया सारख्या का रडायल्यात?"

"दुष्काळ आहे ना, मामी."

"मी व्हते की त्या कामावर. आम्ही लई हसायचो."

मी हातातली पानं खाली ठेवली. मामी सांगत गेल्या. लग्नाला इतकी वर्षं होऊनही घर आणि शेत सोडून त्या कुठं गेल्या नव्हत्या. मागच्या गल्लीतल्या बाईशी निवांत बोलणं झालं ते खडीच्या ढिगावरच. ती बाई पदराचा फेटा बांधून मुकादमाची नक्कल करायची.

"एकदा मुकादम मागंच उभा," मामी म्हणाल्या.

"मग?"

"मग काय. हसून हसून तिला ठसका लागला, तर त्यानंच पाणी दिलं. पोटात भूक व्हतीच बाई. ती बी लिही, हे बी लिही."

मी ती सगळी प्रकरणं काढून टाकली आणि नव्यानं लिहायला बसले. दुसऱ्या दिवसापासून मामींनी मला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. "भाकरी मी टाकते, तू लिही," म्हणायच्या. पुस्तक पुरं झालं ते त्यांच्यामुळे. पुढं नांदेडच्या एका छोट्या प्रकाशकानं ते छापलं.

माझी धाकटी बहीण किनवटला मुलींच्या वसतिगृहात नोकरीला होती. तिनं ते मुलींना वाचून दाखवलं आणि मला आणि मामींना बोलावून घेतलं. मुलींनी माझ्याकडं फारसं लक्षच दिलं नाही. सगळ्या मामींना वेढून बसल्या. एकीनं विचारलं, "आजी, पुढच्या काळातली मुलगी खरंच आली होती का तुमच्यात?"

मामींनी थोडा विचार केला. "आली आसंल. कामाच्या घाईत कुणी इचारलं न्हाई."

मुली हसल्या, पण मामी अगदी मनापासून बोलल्या होत्या. परतीच्या गाडीत त्या माझ्या खांद्याला टेकून झोपल्या. त्यांना जाग येऊ नये म्हणून मी नांदेडपर्यंत हललेही नाही.