गुलाबरावांचा हेडफोनचा डबा

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात माणूस बिघडलेला रेडिओ घेऊन येतो, वाजणारा घेऊन जातो आणि जाताना एखादा किस्सा मागे ठेवतो! सीताबर्डीतल्या गुलाबरावांच्या दुकानात ऐंशी सालाच्या आसपासचे माझे बहुतेक रविवार गेले. नोकरी सरकारी ऑफिसात, पण जीव त्या दुकानात. तिथे किती किस्से जमले, विचारू नका. हे फक्त हेडफोनचे.

*

शेजारी बंडूभाऊंचं कापडाचं दुकान. त्यांच्या मेहुण्यानं दुबईहून एक जाडजूड हेडफोन आणून दिला. भाऊंनी तो घरच्या टेपरेकॉर्डरला लावला आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून हजर.

"गुलाबराव, बहुत बारीक वाजते. तबला वाजून राहिला का कोणी नखानं टेबल ठोकून राहिलं, समजतच नाही!"

गुलाबरावांनी हेडफोन कानाला लावून पाहिला. "हेडफोन चांगला आहे गा. तुमच्या टेपात त्याले हलवाचा दम नाही. याले वेगळा अ‍ॅम्प्लिफायर पाहिजे."

हेडफोनसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर! आमच्यापैकी कोणी तो पाहिला नव्हता. गुलाबरावांनीही नाही. पण पंधरा दिवसांत त्यांनी तो बनवला. पत्र्याचा डबा, एक नॉब, एक लाल दिवा.

भाऊ स्टुलावर बसले, टेप सुरू झाली, आणि ते एकदम वळून मागे पाहायला लागले.

"काय झालं?"

"काही नाही. मले वाटलं, मागं कोणी तबला घेऊन बसलं!"

*

भाऊ डबा काखेत मारून निघाले, तर गुलाबरावांनी तो काढून घेतला. म्हणाले, "गाणं थांबलं की मागं बारीक घूं वाजते."

भाऊंनी ऐकलं. मी ऐकलं. आम्हाला काही घूं नाही, काही नाही.

"अहो, मले ऐकू येत नाही, तर तुमाले काय करावं लागते?" भाऊ वैतागले.

"गिऱ्हाइकाले ऐकू येत नाही म्हणून तसंच ठेवू का गा? मले ऐकू येते ना!"

तीन रविवार गेले. शेवटी घूं करणारा ट्रान्सफॉर्मर काढून दुसऱ्या डब्यात, हातभर लांब ठेवला, तेव्हा कुठे त्यांनी हेडफोन खाली ठेवला. "आता न्या."

*

महिन्याभरानं भाऊंची बायको, कुसुमवहिनी, दुकानात आल्या. चेहरा लाल.

"गुलाबरावभाऊजी, तो डबा वापस घ्या!"

"काहून वहिनी? बिघडला?"

"पहिले घरात टेप वाजे, आम्ही सारे ऐकत होतो. आता गाणं यांच्या कानात, अन् हे डोळे मिटून वरच्या पट्टीत सुरू! अख्खी गल्ली ऐकून राहिली!"

गुलाबराव गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, डब्यात दोष नाही. त्याले आवाज मोठा कराचं काम दिलं होतं. सुरात लावाचं नाही!"

*

आमचे देशकर सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. त्यांचा या डब्यावर अजिबात विश्वास नव्हता. "आवाज वाढला की माणसाला वाटतं, छान झालं. बाकी सगळे मनाचे खेळ!"

"मग पाहून घ्या ना सर," गुलाबराव म्हणाले.

सरांनी मीटर आणला. भाऊंचा टेपरेकॉर्डर ठेवला. थेट जोडलेला आवाज आणि डब्यातून येणारा आवाज अगदी सारखा केला आणि माझ्या डोळ्यांवर दुपट्टा बांधला. डबा केव्हा लागला आणि केव्हा निघाला, मी ओळखायचं. मी एकदाही चुकलो नाही!

पुढच्या रविवारी सर घरचा भलामोठा अ‍ॅम्प्लिफायर रिक्षात घालून घेऊन आले. हेडफोन लावायची जागा त्यातच होती. या वेळी दुपट्टा बांधला खुद्द गुलाबरावांच्या डोळ्यांवर. आणि गुलाबराव चुकायला लागले! एकदा बरोबर, एकदा चूक, परत चूक. भाऊंनी माझा हात घट्ट धरला. आता इज्जत गेली!

गुलाबरावांनी शांतपणे दुपट्टा सोडला. "सर, तुमच्या मशीनमधलाच अ‍ॅम्प्लिफायर दमदार आहे. काही फरक नाही. तुमाले हा डबा घ्याची गरज नाही."

जिंकायला आलेले सर जिंकले होते. पण पुढच्या रविवारी तीन प्रोफेसर घेऊन आले, तिघांच्याही हातात टेपरेकॉर्डर! "गुलाबराव, यांना लागेल का सांगा," सर म्हणाले. "तुम्ही सांगाल ते मी मीटर न लावता मानतो."

त्या दिवशी आम्ही सगळे छाती फुगवून घरी गेलो. डबा तर मी बनवलाही नव्हता!

*

सुनंदा रामटेके रेडिओवर गायची. गाणं तिला आईनं शिकवलं होतं, शांताबाईंनी. मोठ्या कडक बाई. एक स्वर हलला तर तंबोरा खाली ठेवायला लावायच्या. पण पाच वर्षांपासून त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. कानाच्या मशीनमधून बोलणं समजे, गाण्याचा मात्र कलकलाट होई. सुनंदा समोर बसून गायची, आई तिच्या तोंडाकडे पाहायची आणि म्हणायची, "छान."

एका रविवारी सुनंदा आईला आणि आपल्या गाण्याची कॅसेट घेऊन दुकानात आली. तिनं आधी सांगितल्यावरून गुलाबरावांनी बाईंसाठी एका नव्या डब्याला बारीक स्वर वाढवायचा जास्तीचा नॉब लावून ठेवला होता. शांताबाईंचं कानाचं मशीन उतरवलं, हेडफोन चढवला आणि अगदी हळूहळू नॉब फिरवायला सुरुवात केली. नजर सारखी बाईंच्या चेहऱ्यावर.

एका जागी शांताबाईंनी हात वर केला. बस, इथेच!

दुकानात आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त बाईंची बोटं मांडीवर ताल धरत होती, ती दिसत होती. भाऊंनी दुकानाचा पंखासुद्धा बंद केला. का, ते त्यांनाच ठाऊक!

गाणं संपलं. शांताबाईंनी हेडफोन काढला आणि मुलीकडे रोखून पाहिलं.

"दुसऱ्या अंतऱ्यात श्वास मधातच तोडला तू. काहून वं?"

सुनंदा तिथेच आईच्या पायांशी बसली. "चुकलं वं माय," ती म्हणत होती, "चुकलं!" आणि हसत होती.