आधी बसा

"आधी बसा," शेजारची पोर म्हणायची. बाकी सगळं त्यानंतर. टपालवाला येवो की भांडायला शेजारीण येवो, ती आधी लाकडी स्टूल पुढं सरकवायची. बसलं की माणसाचा आवाज खाली येतो, असं तिचं म्हणणं. आमच्या गल्लीतली निम्मी भांडणं त्या स्टुलावरच विरली.

तिचे वडील, अण्णा, निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला. आमची भिंत एकच. बारावीनंतर तिनं नर्सिंगचं नाव काढलं, तेव्हा ते म्हणाले, "आप्पा सांगतील तिथंच अर्ज घालायचा."

आप्पा म्हणजे मी. मी कोल्हापूर सांगितलं. जवळ, आणि मराठी. सीमालढ्यात घोषणा देत म्हातारा झालेला माणूस दुसरं काय सांगणार? तिच्या मनात मात्र बेळगावही होतं.

"बघून तर येऊ, आप्पा. तुम्ही पेशंट व्हा."

"मला काय झालंय?"

"काय न्हाय. नुसतं कण्हायचं."

कॉलेज निवडायची तिची रीतच न्यारी. इमारतीकडं, बागेकडं ती ढुंकूनही बघायची नाही. कॉलेजच्या दवाखान्यात मला बाकावर बसवायची आणि शिकाऊ मुली माझ्याशी कशा वागतात ते लांबून न्याहाळायची.

कोल्हापुरात एकीनं माझ्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला, आकडा लिहिला आणि मान वर न करता पुढच्याला हाक मारली.

"मराठीत मारली की नाही?" मी बाहेर येऊन म्हटलं.

"व्हय. पण तुम्हाला बघितलं कुठं तिनं?"

बेळगावातल्या शिकाऊ मुलीनं पट्टा सोडला, पुन्हा बांधला. मग मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "अज्जा, चक्कर येते? गोळी घेता?"

माझं बीपी खरंच वाढलेलं निघालं. मी कण्हायचंच विसरलो. त्या शिकाऊ मुलीनं मला आडवं केलं, डॉक्टरांना बोलावलं आणि माझ्या विस्कटलेल्या चपला बाकाखाली नीट लावून ठेवल्या.

आमची पोर हसत जवळ आली. "आता अण्णांना काय सांगणार?"

"बेळगाव," मी पडल्या पडल्या म्हणालो. त्याच दुपारी तिनं तिथं अर्ज घातला.

गल्लीत मात्र भलतंच पसरलं. पोरीचं कॉलेज आप्पांनी निवडलं म्हणे. तिला नोकरी लागली तेव्हा लोकांनी मला शाल पांघरली. मी ती गुपचूप पांघरून घेतली. ती टाळ्या वाजवत उभी होती. ती शाल मला अजून टोचते. तेव्हा तुम्हीच ऐका, कॉलेज तिनं निवडलं. मी नुसता बाकावर बसलो होतो.

आता ती हुबळीच्या दवाखान्यात आहे. परवा हे सगळं तिच्या अण्णांना सांगावं म्हणून गेलो. ते वखारीतून यायचे होते. दार उघडं, स्टूल भिंतीशी, बसा म्हणणारं कुणी नाही.

मीच ते पुढं ओढलं आणि आधी बसलो.