भावाची लग्नाची घाई

मंडळी, सकाळी डबे भरताना अमेरिकेहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, शुक्रवारी आम्ही कोर्टात लग्न करतोय."

तो आणि डेव्हिड नऊ वर्षं एकत्र राहतात, पण लग्नाचा विषय कधी निघाला नव्हता. पुढच्या महिन्यात नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात जाणार, आणि आता ही घाई? मला शंका आली. "आजारी आहेस का? खरं सांग."

"नाही गं. दोन पुरुषांच्या लग्नाला देशभर मान्यता देणारा निकाल सुप्रीम कोर्टाने उद्या फिरवला, तर तिथलं राज्य आम्हाला लग्नाचं लायसन्सच देणार नाही. इथून लग्न करून गेलो, तर केंद्राच्या कायद्याने त्यांना ते मानावं लागेल."

"कायदा आहे ना मग?"

"आज आहे, ताई."

शेजारी लेक ऐकत होती. "बट मॉम, इट्स वन कंट्री, राइट?" मी तिचा डबा तिच्या हातात दिला.

ऑफिसला जाताना कारपूलमध्ये सांगितलं, भावाचं लग्न ठरलं. लगेच प्रश्न आला, "अरे वा! मुलगी कुठली?"

मी म्हणाले, "तिकडचीच."

तेव्हापासून स्वतःचाच राग येतोय. त्याचा सरकारवर भरवसा नाही. माझा रोज सोबत येणाऱ्या माणसांवरही नाही.

तुम्ही गाडीत असतात, तर खरं ऐकून काय म्हणाला असतात?