वॉल्टर पेकम, ओल्ड मिल रोड

वॉल्टर पेकमला मी पहिल्यांदा पाहिलं ते पालथं. आमच्या परसातल्या हिरवळीत त्याने दोन हात खोल खड्डा खणला होता आणि त्यात डोकं घालून तो टाकीचं झाकण तपासत होता. ऑक्टोबर २००१ मधली गोष्ट. ऱ्होड आयलंडमधल्या या लहानशा गावात गटारं नाहीत. प्रत्येक घराची आपली मैलाटाकी, आणि तीन वर्षांनी ती उपसायला वॉल्टर. ट्रकवर त्याचं नाव आणि खाली 'सेप्टिक टाक्या उपसून मिळतील', एवढंच. धंद्याला गोंडस नाव देण्याची गरज त्याला वाटलेली नव्हती.

मी त्याला पाणी दिलं ते दाराबाहेर, कागदी पेल्यात. घरात काचेचे पेले होते. हे लिहायला मला आवडत नाही, पण साताऱ्यात एकतीस वर्षं मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं, समतेच्या धड्यावर पाच-पाच मार्कांचे प्रश्न काढले. तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. पाणी पिऊन त्याने पेला चुरगाळला, स्वतःच्याच खिशात घातला आणि मला माझं आडनाव पावतीवर लिहून द्यायला सांगितलं. देवस्थळी. ते त्याने तीनदा म्हणून पाहिलं. ळ काही जमला नाही, पण बाकीचं नीट जमेपर्यंत तो गेला नाही. एवढी मेहनत कशाला, ते मला सात महिन्यांनी कळलं.

मे महिन्यात सून नेत्रा म्हणाली, "आई, तुम्ही शाळेत ग्रामसभा शिकवायचात ना, मग शनिवारी चला, खरी बघा." श्रीराम, माझा मुलगा, इथला नागरिक होऊन बरीच वर्षं झाली, पण शनिवारची झोप त्याला गावापेक्षा प्रिय. आम्ही दोघीच गेलो. शाळेच्या व्यायामशाळेत बास्केटबॉलच्या कड्याखाली दोनशे घडीच्या खुर्च्या. मतदारांना दारात नारिंगी कार्ड मिळत होतं. मी नागरिक नाही, म्हणून माझी जागा मागे, दोरीपलीकडे. नेत्रा पुढे गेली. मी दोरीमागे बसून समोर पाहिलं, तर व्यासपीठावरच्या एकुलत्या खुर्चीत, तपकिरी कोट घालून, हातात लाकडी हातोडी घेऊन वॉल्टर.

तो गावसभेचा मॉडरेटर होता, म्हणजे सभा चालवणारा. पंचवीस वर्षं. गाव त्याला दर दोन वर्षांनी निवडून देत होतं आणि त्याच्याविरुद्ध कुणी उभंच राहत नव्हतं.

मी तीन तास बसले. दीपप्रज्वलन नाही, हारतुरे नाहीत, प्रमुख पाहुणे नाहीत, आमदारांची वाट पाहणं नाही. ज्याला बोलायचं त्याने उभं राहायचं, आधी आपलं नाव आणि राहता रस्ता सांगायचा, ते नाव वॉल्टर नीट उच्चारून परत म्हणणार, मग मुद्दा. मग तो गवंडी असो की हृदयाचा डॉक्टर. असा एक डॉक्टर नव्या अग्निबंबाच्या विरोधात बोलत सुटला, तेव्हा वॉल्टर शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, तुमचा मुद्दा पोचला." डॉक्टर बसला. ज्या माणसाला मी दाराबाहेर पाणी दिलं होतं, त्याच्या एका वाक्याने. मग दोनशे कार्डं वर गेली आणि बंब मंजूर झाला. शाळेचे पैसे, हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकायचं मीठ, सगळं त्यांनीच ठरवलं, हात वर करून, शेतातला नांगर तसाच सोडून सभेला आलेल्या त्यांच्या खापरपणज्यांनी ठरवलं असेल तसं. थेट लोकशाही मी मुलांना ग्रीसच्या धड्यात शिकवली होती, तीही भूतकाळात. एकतीस वर्षं मी एका जिवंत माणसाला मेलेला म्हणून सांगत होते.

त्यानंतर वॉल्टर जाता-येता डोकावला की चहा, घरात, काचेच्या पेल्यात. बूट तो न सांगता दाराशी काढायचा. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. मुलगी दूर टेक्सासात. त्या एका शनिवारसाठी तो महिनाभर आधीपासून नियमांचं पुस्तक वाचायचा, कोट स्वतः इस्त्री करायचा. बॅप्टिस्ट चर्चचा डीकन होता, म्हणजे चर्चचं काम बघणारा सेवक. ट्रकमध्ये सँडविच उघडण्याआधीसुद्धा डोळे मिटायचा. मी एकदा विचारलं की तुमचं स्वतःचं मत कधी सांगता की नाही. तो म्हणाला, खुर्चीला मत नसतं. मत द्यायचंच तर खाली उतरावं लागतं, आणि आमच्या गावात जो उतरला तो परत चढत नाही. असं कुठे लिहिलेलं नाही, पण आधीचा मॉडरेटर एका पुलासाठी खाली उतरला आणि त्याच महिन्यात त्याने राजीनामा दिला. ज्याचं मत सगळ्यांनी ऐकलं, त्याचा निवाडा पुन्हा कोण निःशंकपणे मानणार.

२००३ च्या एप्रिलमध्ये पलीकडच्या रोझमेरीचा पुतण्या इराकमध्ये मारला गेला. एकवीस वर्षांचा. पुढच्या आठवड्यात रोझमेरी कागद घेऊन दारोदार फिरली: यापुढे गावसभेची सुरुवात येशूच्या नावाने प्रार्थना करून व्हावी, सर्वांनी उभं राहून. आमच्या घरी मी एकटीच होते. मला सही करता येणार नव्हती, पण तिने विचारलं, तुम्हाला चालेल ना? तिचे डोळे सुजलेले. मी म्हटलं, मला काय हरकत असणार, आम्ही कुठल्याही देवापुढे हात जोडतो, मीही जोडीन. आणि खरंच तसं वाटतच होतं. चर्च दिसलं तरी आमचा हात आपोआप छातीशी जातो, दर्गा दिसला तरी जातो. यात कौतुक करण्यासारखंही काही नाही, सवय आहे.

हे मी वॉल्टरला मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्याने पेला खाली ठेवला.

"तुम्हाला तिने विचारलं?"

"विचारलं. मी हो म्हटलं."

"आज हो म्हटलंत. कधी नाही म्हणावंसं वाटलं तर?"

मला राग आला. मी म्हटलं, तुम्ही डीकन ना, तुम्हाला तर आनंद व्हायला हवा. त्याने मग आजीकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. त्यांचा मूळपुरुष शेजारच्या मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत राहायचा. तान्ह्या मुलीला बाप्तिस्मा, म्हणजे धर्माची दीक्षा, द्यायला तो तयार नव्हता. मोठी होऊन तिचं तिने ठरवावं, म्हणाला. त्याला खांबाला बांधून तीस फटके मारले. मग बायको आणि ती मुलगी घेऊन भर हिवाळ्यात जंगलातून चालत तो इकडे आला. अशाच हाकललेल्यांनी इथे वस्ती केली होती, आणि इथल्या पहिल्या गावात, प्रॉव्हिडन्समध्ये, त्यांनी लिहून ठेवलं होतं की बहुमताचं आम्ही ऐकू, पण फक्त गावकीच्या कामात. देवाच्या कामात नाही.

"फटके मारणारे देवाला मानत नव्हते असं नाही," वॉल्टर म्हणाला. "ते सगळे प्रार्थना करूनच आले होते."

मग मी विचारलं की हे सभेत कोण सांगणार. तो म्हणाला, कुणीतरी सांगेल, मी खुर्चीत असेन.

मेमधल्या त्या शनिवारी सभागृह इतकं भरलं की लोक भिंतीला टेकून उभे होते. रोझमेरी बोलली. पुतण्याबद्दल बोलली आणि लोकांनी डोळे पुसले, मीही. मग ती म्हणाली, यात कुणालाच अडचण नाही, आमच्या शेजारच्या हिंदू आजींनासुद्धा नाही, आणि तिने दोरीमागे माझ्याकडे बोट दाखवलं. दोनशे माणसं वळली. भिंतीजवळून एकाने, अगदी गोड आवाजात, म्हटलं की त्यांनाच विचारा ना, त्या सांगतील.

माझी जीभ कधी अडत नाही, हे साताऱ्यातला कुणीही सांगेल. तेव्हा अडली. हो म्हटलं, तर मी चांगली पाहुणी. नाही म्हटलं, तर मेलेल्या पोराच्या काकूच्या तोंडावर नाही म्हणणारी परकी बाई. त्या दोनशे जणांच्या डोळ्यांत दुष्टावा नव्हता. ते नुसते थांबले होते.

"त्यांना विचारायचं नाही," वॉल्टर म्हणाला. "हा प्रश्न या खोलीत कुणालाच विचारता येत नाही."

कुणीतरी पुटपुटलं की हे मॉडरेटरचं मत झालं. वॉल्टरने मान हलवली, बरोबर आहे म्हणाला. हातोडी त्याने गावच्या कारकून बाईंच्या हातात दिली आणि तीन पायऱ्या उतरून खाली आला. त्याच्या गुडघ्यांमुळे त्याला वेळ लागला. सव्वीस वर्षांची ती खुर्ची मागे रिकामी होती. तो माइकसमोर रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या मागे उभा राहिला. तिने जागा देऊ केली तर घेतली नाही. तिचं संपेपर्यंत थांबला. त्याची पाळी आली तेव्हा कारकून बाई गोंधळून गप्पच राहिल्या. त्याला नाव काय विचारायचं?

"वॉल्टर पेकम, ओल्ड मिल रोड," त्याने स्वतःच सांगितलं. "मी रोज प्रार्थना करतो. रोझमेरीच्या पुतण्यासाठी आज सकाळीही केली. पण इथे आपण रस्ते आणि शाळा ठरवायला येतो. इथे सगळ्यांनी उभं राहायचं ठरवलंत, तर जो बसून राहील त्याच्याकडे बघावं लागेल. आत्ता आपण दोनशे जण एका बाईकडे बघत होतो. मला त्याची लाज वाटली."

एवढंच. कार्डं मोजली. बाजूने अठ्ठ्याऐंशी, विरुद्ध एकशे सतरा. वॉल्टरने कार्ड वर केलं ते मी पाहिलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच, म्हणून हात जरा चुकीच्या वेळी वर गेला. त्या महिन्यातच त्याने राजीनामा दिला. लोक घरी जाऊन विनवून आले, पण तो ऐकेना. रोझमेरीने पुढच्या खेपेला टाकी उपसायला दुसऱ्या गावचा माणूस बोलावला. मी वॉल्टरला म्हटलं, माझ्या एका फुकटच्या होकारामुळे तुमची खुर्ची गेली. तो म्हणाला, टाकीच्या झाकणाची रबरी पट्टी बदलायला झाली आहे.

२००७ मध्ये मी शपथ घेतली आणि २००८ च्या मेमध्ये दोरी ओलांडून नारिंगी कार्ड हातात घेतलं. वॉल्टर ब्याऐंशीचा होता, मधल्या रांगेत बसलेला. त्याने शेजारची खुर्ची माझ्यासाठी अडवून ठेवली होती. ठराव मैलाटाक्यांचाच निघाला: दर वर्षी सक्तीची तपासणी. वॉल्टर उभा राहिला, नाव आणि रस्ता सांगितला, बाजूने बोलला. मला ते पटलं नाही. मी कार्ड विरुद्ध बाजूने वर केलं, त्याच्या कानाशी. माझं इथलं पहिलं मत.

ठराव चार मतांनी पडला. मी कारण सांगायला त्याच्याकडे वळले. मुद्दे तीन होते आणि तिन्ही पक्के. त्याने हात वर करून मला थांबवलं.

"मी विचारलं नाही," वॉल्टर म्हणाला, आणि पुढचा ठराव ऐकायला समोर बघू लागला.